स्पेशल एज्युकेटरसाठी इन्क्लूजनचा ऑनलाइन कोर्स : रिव्ह्यू, जरा सविस्तर

मी स्पेशल एज्युकेटर, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणारी शिक्षिका आहे, आधी स्पेशल स्कूलला होते, आता नेहमीच्या शाळेत. आमच्या मूळ ट्रेनिंगमध्ये एका मुलाला समोर घेऊन कसं शिकवायचं ते छान शिकवतात, असेसमेंट करा, आयईपी (त्या एका मुलासाठीचा शिक्षणाचा आराखडा) लिहा, छोटी छोटी उद्दिष्टं ठरवा, सगळं येतं. पण नेहमीच्या शाळेत आल्यावर कळतं की बरंचसं काम मोठ्या माणसांबरोबर आहे. वर्गशिक्षक, विषयशिक्षक, मुख्याध्यापक, मदतनीस, पालक. त्याची तयारी कोणी करून घेत नाही, आणि इन्क्लूजनचा, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या वर्गात सगळ्यांबरोबर शिकवण्याचा, हा कोर्स तीच करून घेतो म्हणून मी तो घेतला.

पहिलं मॉड्यूल कायदे आणि इतिहास. १९९४ चं सालामांका निवेदन (सगळ्या मुलांना नेहमीच्या शाळेत सामावून घ्या असं सांगणारं), २००६ चा संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार, त्याचं शिक्षणाबद्दलचं २४ वं कलम, हे बहुतेकांना माहीत असतं, पटकन उरकतं. फक्त एका ठिकाणी थांबा. २०१६ मध्ये त्या कराराच्या समितीने इंटिग्रेशन वेगळं आणि इन्क्लूजन वेगळं असं स्पष्ट लिहून ठेवलंय, म्हणजे मूल वर्गात आणून बसवलं पण शिकवायची पद्धत, अभ्यासक्रम, परीक्षा यातलं काहीच हललं नाही तर त्याला इन्क्लूजन म्हणता येत नाही. "ॲडमिशन दिलं ना, अजून काय करायचं" असं मीटिंगमध्ये कोणी म्हणालं की हा मुद्दा उपयोगी पडतो.

खरा माल को-टीचिंगच्या, म्हणजे एका वर्गात दोन शिक्षकांनी मिळून शिकवायच्या मॉड्यूलमध्ये आहे. मॅरिलिन फ्रेंड आणि लिन कूक यांनी मांडलेले सहा प्रकार (एकाने शिकवायचं दुसऱ्याने निरीक्षण करायचं, स्टेशन म्हणजे मुलांचे गट एकेका ठिकाणी फिरत शिकतात, पॅरलल म्हणजे वर्ग दोघांत वाटून तेच शिकवायचं, वगैरे) नुसते सांगून सोडलेले नाहीत, कुठला कधी वापरायचा यावर बराच वेळ दिलाय. बहुतेक शाळांत काय होतं, एक शिकवतो आणि दुसरा बाकांमधून फिरत मदत करतो, वर्षभर तेच, आणि मग पोरं आणि स्टाफ दोघंही स्पेशल एज्युकेटरला असिस्टंटच समजायला लागतात. कोर्समध्ये हे अगदी स्पष्ट सांगितलंय, मला ते फार पटलं. सोबत एक प्लॅनिंगचा कागद आहे, चार रकाने, उद्या वर्गात काय चालणार, मूल कुठे अडकेल, तुम्ही काय कराल, मी काय करेन. बास एवढंच. पण "तुम्ही" आणि "मी" दोन्ही रकाने भरावेच लागतात त्यामुळे "ते तुमचं मूल, तुम्ही बघा" हे बोलणं आपोआप कमी होतं. मी आमच्या गणिताच्या मॅडमबरोबर तो वापरते, त्यांनी स्वतःहून दुसऱ्या वर्गासाठी पण मागून घेतला.

अकोमोडेशन (उद्दिष्ट तेच, फक्त पद्धत बदलायची) आणि मॉडिफिकेशन (उद्दिष्टच बदलायचं) यांचा गोंधळ आमच्यात सुद्धा खूप असतो. इथे तो एका उदाहरणात सोडवलाय. अपूर्णांकाच्या परीक्षेत प्रश्न वाचून दाखवला तर ते अकोमोडेशन, कारण तपासायचं आहे ते गणित, वाचन नाही. पण परीक्षाच वाचनाची असेल तर उतारा वाचून दाखवल्यावर आपण काय तपासलं? म्हणजे सवलत ठरवायच्या आधी उद्दिष्ट काय ते विचारायचं, आणि हा प्रश्न विषयशिक्षकाला विचारायचा कारण उत्तर त्यांच्याकडे असतं. त्यानंतर विज्ञानाच्या पुस्तकातलं एक पान देऊन तोच धडा वेगवेगळ्या मुलांसाठी तयार करायला लावलाय, हा स्वाध्याय अजिबात टाळू नका.

मदतनीसांचा भागही चांगला. संशोधक मायकल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांच्या १९९७ च्या अभ्यासाचा आधार घेतलाय, मोठं माणूस मुलाला सतत चिकटून बसलं की वर्गशिक्षक जबाबदारी सोडतात, मूल सोबत्यांपासून तुटतं आणि मोठ्यांवर अवलंबून राहतं. एका व्हिडिओत ताई मुलाच्या शेजारची खुर्ची सोडून मागे सरकते आणि थोड्या वेळाने बाजूची मुलगी त्याला पानाचा नंबर दाखवते. माझ्या मते सगळ्या कोर्समध्ये सगळ्यात शिकवून जाणारी क्लिप हीच.

आता खटकलेलं. मधली मॉड्यूल्स दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार आहेत, ऑटिझम एक, श्रवणदोष एक, अध्ययन अक्षमता एक, आणि तिथे व्याख्या आणि लक्षणंच जास्त, जी आम्ही आधी शिकलेलो असतोच. शेवटची परीक्षा एमसीक्यू. अहो, दुसऱ्या शिक्षकाबरोबर काम करणं पर्याय निवडून कसं कळणार? प्रत्यक्ष वर्गातला व्हिडिओ पाठवायचा आणि कोणीतरी अनुभवी माणसाने तो बघून फीडबॅक द्यायचा अशी सोय हवी होती. प्लॅनिंगला वेळ कुठून आणायचा यावर पण "मुख्याध्यापकांशी चर्चा करा" एवढंच. टाइमटेबलमध्ये दोघांचा एक तास एकत्र मोकळा असल्याशिवाय तो चार रकान्यांचा कागद कोरा राहतो, ही सगळ्यात मोठी अडचण आहे आणि तिच्यावर पूर्ण मॉड्यूल हवं होतं.

आणि एका गोष्टीचा मला खरंच राग आलाय. काही नोट्स स्कॅन केलेल्या फोटोसारख्या आहेत, स्क्रीन रीडरला (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्या वाचता येत नाहीत, आणि बऱ्याच व्हिडिओंना कॅप्शन नाही. आमच्या क्षेत्रात अंध आणि कर्णबधिर शिक्षक आहेत, त्यांनी हा कोर्स कसा करायचा? टीमला लिहिलंय, उत्तर आलं की इथे अपडेट करेन.

पाचपैकी साडेतीन. नुकतं नेहमीच्या शाळेत रुजू झाला असाल तर नक्की घ्या, आणि जमलं तर ज्यांच्या वर्गात तुम्ही जाता त्या शिक्षकांनाही सोबत घ्यायला सांगा, कारण को-टीचिंगचे स्वाध्याय एकट्याने करण्यात काही अर्थ नाही. जुन्या लोकांनी दिव्यांगत्वाची मॉड्यूल्स सरळ सोडून पुढे गेलं तरी चालेल.