एक सेट-टॉप बॉक्स, दोन टीव्ही: एचडीएमआय स्प्लिटरचा अनुभव

कोथरूडच्या आमच्या दुमजली घरात खाली फोर-के टीव्ही आहे आणि वर आईच्या खोलीत जुना फुल एचडी. वरच्या टीव्हीसाठी दुसरे कनेक्शन घेऊन दरमहा पैसे भरण्यापेक्षा खालच्याच अँड्रॉइड सेट-टॉप बॉक्सचे चित्र वर न्यावे, या विचाराने तापकीर गल्लीतून एक इनपुट आणि दोन आउटपुट असलेला स्प्लिटर आणला. त्याचे एक आउटपुट साधे आहे, तर दुसरे कॅट-६ केबलवरून, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कसाठी वापरतात त्या केबलवरून, जाते. साध्या एचडीएमआय केबलने फोर-के चित्र पाच-सात मीटरच्या पलीकडे भरवशाने पोहोचत नाही आणि आमचे अंतर अठरा मीटर असल्याने ही सोय आवश्यकच होती.

केबल मात्र शुद्ध तांब्याचीच मागून घ्यावी, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. इलेक्ट्रिशियनने ती आधी विजेच्या तारांच्याच पाइपातून ओढली होती, त्यामुळे मिक्सर सुरू झाला की वरचा पडदा क्षणभर काळा पडत असे; वेगळ्या पट्टीतून नेल्यावर तो त्रास थांबला.

खरी अडचण निराळीच निघाली. प्रत्येक टीव्ही आपली क्षमता, म्हणजे ईडीआयडी, बॉक्सला कळवतो आणि स्प्लिटरला दोन्हीकडे एकच सिग्नल पाठवायचा असल्यामुळे तो दोघांना झेपेल तेच मागतो. परिणामी खालच्या टीव्हीवर फोर-केऐवजी १०८० चे, म्हणजे फुल एचडी, चित्र आले आणि होम थिएटरचा ५.१ आवाज स्टिरिओवर उतरला. स्प्लिटरच्या मागची कळ फोर-केवर सरकवली, तर आईचा टीव्ही काळा! ‘सगळं फोर-केच आहे, साहेब,’ असे काउंटरवर ऐकले होते. खोक्यावर बारीक अक्षरांत ३० हर्ट्झ, म्हणजे फोर-के चित्र सेकंदाला तीसच वेळा, असे छापले होते, ते मी वाचले नाही हा माझाच दोष. दुकानदाराने कुरकुर न करता किमतीतला फरक घेऊन दुसरे यंत्र दिले. हे १८ जीबीपीएस (फोर-के ६० हर्ट्झला पुरेल असा वेग) आणि एचडीसीपी २.२ (फोर-के कार्यक्रमांची नक्कल रोखणारे संरक्षण) चालवते आणि कॅट-६ च्या आउटपुटवर चित्र स्वतःच १०८० वर उतरवते. घेताना हे उतरवणे, म्हणजे डाउनस्केलिंग, आहे का, हे आवर्जून विचारावे.

रिमोटसाठी इन्फ्रारेडचा छोटा डोळा सोबत मिळतो. तो वरच्या टीव्हीखाली चिकटवला की आईला चॅनल वरूनच बदलता येतो. बोलून शोधायचे बटण ब्लूटूथवर चालत असल्याने त्याचा वर उपयोग नाही.

मात्र दोन्हीकडे चित्र एकच राहते. दोन-तीन बॉक्स असून वर एक आणि खाली दुसरे पाहायचे असेल, तर स्प्लिटर नव्हे, बराच महाग मॅट्रिक्स स्विच लागतो. आमच्याकडे बॉक्स एकच, त्यामुळे संध्याकाळी आईची मालिका लागली की खालीही मालिकाच, आणि मुलाने क्रिकेट लावले की वरून हाक येते.