थर्मल स्कोपच्या नावाखाली १,९९० डॉलर गेले

टेक्ससमध्ये जागा घेऊन रानडुकरांच्या तावडीत सापडलेल्या मराठी मंडळींनो, वापरलेला थर्मल स्कोप (अंगाच्या उष्णतेवरून अंधारात जनावर दाखवणारी बंदुकीवरची दुर्बीण) स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळून जाऊ नका. माझे स्कोपचे १,८५० आणि ‘परत मिळणाऱ्या’ विम्याचे १४०, असे १,९९० डॉलर गेले. विम्यावर हसू नका, मला आधीच पुरेसं हसून झालंय.

६४० बाय ५१२ सेन्सरचा चांगला नवा स्कोप सहज तीन हजारांच्या पुढे जातो. इकडे डुकरं रात्रीत अख्खं गवताळ रान उकरून ठेवतात. २०१९ च्या सप्टेंबरपासून खासगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, त्यांना मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. अडत होतं ते फक्त अंधारात. जाहिरातीतल्या विकणाऱ्याला १२ मायक्रॉनचा पिक्सेल, २५ मिलीकेल्विनची संवेदनशीलता, सगळं तोंडपाठ. असा माणूस चोर असेल असं तुम्हाला तरी वाटलं असतं?

पण तो व्हिडिओ! त्याने पिकअपमध्ये बसून, काचा बंद ठेवून, समोरच्या शेळ्या दाखवल्या. काचा बंद! थर्मल ८ ते १४ मायक्रॉनच्या उष्णतालहरी पाहतो आणि साधी काच त्या अडवते, म्हणून तर त्याची भिंगं जर्मेनियमची असतात. हे मला माहीत होतं. शेळ्यांचे डोळे दिव्यांसारखे चमकत होते आणि मी बायकोला कौतुकाने म्हणतोय, ‘बघ, किती स्पष्ट!’ थर्मलमध्ये डोळे असे चमकत नाहीत, ते चमकतात इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या बॅटरीच्या झोतात. काचेवर एक पांढरा डागही लकाकत होता, तो त्याच बॅटरीचा. मला वाटलं, धूळ असेल. दिवसभर कामावर डोकं पिकल्यावर रात्री फोनवर पाहिलेला व्हिडिओ होता हो तो!

खोक्यातून निघाला साधा डिजिटल नाईट व्हिजन, म्हणजे उष्णता नव्हे तर त्या बॅटरीचा उजेड टिपणारा कॅमेरा, वर थर्मलचं स्टिकर. बहुतेक थर्मल सेन्सर जुळवून घ्यायला अधूनमधून टक् करतात, चित्र क्षणभर गोठतं. हा ढिम्म.

समोरच्याला व्हिडिओ कॉलवर भिंतीला तळहात टेकवून काढायला सांगा. स्कोपच्या चित्रात हाताचा उबदार ठसा भिंतीवर उमटलेला दिसला तरच पुढचं बोला. सीरियल नंबर आधी मागा, कंपनीकडे तपासा. तो टाळाटाळ करत असेल तर फोन ठेवा.

आता यंत्रणेचं ऐका. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार? म्हणजे चोराने माझ्या खिशात हात घातला असता तर मदत मिळाली असती, मी हाताने दिले म्हणून नाही. (क्रेडिट कार्डाने द्या. विकणारा खात्यातून थेट झटपट पैसे पाठवण्यावरच अडून बसला तर तिथेच थांबा.) शेरीफच्या कार्यालयात सांगितलं, वस्तू मिळाली ना, मग हा दिवाणी मामला. मी दगड मागवला नव्हता साहेब! त्याच्या राज्यातल्या पोलिसांनी सांगितलं, तक्रार तुमच्याकडे करा. माझ्याकडचे म्हणतात, त्याच्याकडे करा. सरकारी ऑनलाइन अर्ज भरला तर एक क्रमांक आला, पुढे शुकशुकाट. थर्मल आणि नाईट व्हिजन यांतला फरक मी प्रत्येक खिडकीवर समजावला. एकाने विचारलं, ‘पण रात्री दिसतं ना त्यातून?’

आणि असा स्कोप भारतात गावाकडे कुणाला पाठवायच्या भानगडीत पडू नका. अमेरिकेबाहेर न्यायला निर्यात परवाना लागू शकतो, आणि भारतात वन्यजीव कायदा आहे.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. किंमत १,७५०, व्हिडिओ तोच, काचा बंदच. मी जाहिरात दाखवणाऱ्या साइटकडे तक्रार केली. उत्तर आलं: नियमभंग आढळला नाही.