दोन दिवसांची कार्यशाळा की वर्षभराचं सुपरविजन?

शाळेतल्या समुपदेशकाला कार्यशाळा सोयीची: रजा दोनच दिवसांची, शिवाय प्रमाणपत्र हातात. नवी पद्धत तोंडओळखीपुरती कळते. आत्महत्येच्या धोक्याची पडताळणी कशी करायची, हे तिथे शिकता येतं. पण समोर गप्प बसलेली मुलगी असली की पाठ केलेले प्रश्न आठवत नाहीत.

सुपरविजनमध्ये, म्हणजे अनुभवी समुपदेशक आपलं काम ऐकून नियमित मार्गदर्शन करतो तेव्हा, आपल्याच केसेस उलगडतात. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांच्या गटाने 2004 मध्ये व्यसनमुक्ती क्षेत्रातल्या 140 व्यावसायिकांवर प्रयोग केला. कार्यशाळेनंतर फीडबॅक किंवा कोचिंग मिळालेल्यांचं मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचं (समोरच्याची बदलाची इच्छा त्याच्याच बोलण्यातून जागवणाऱ्या संवादपद्धतीचं) कौशल्य अधिक वाढलं. अडचण एकच, स्वतःच्या सत्राचं रेकॉर्डिंग ऐकवायला धीर लागतो (आणि पालकांची संमतीही).

बजेट एकाचंच असेल, तर मी सुपरविजन निवडेन. अगदी नवख्यांनी मात्र आधी कार्यशाळा करावी.