एचपीएमसीच्या रिकाम्या कॅप्सूल, नंबर शून्य : सोलापूरच्या उन्हाळ्यात घ्याव्यात का?

जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनणाऱ्या जिलेटिनची रिकामी कॅप्सूल मे महिन्यात सोलापुरात कडक भाकरीसारखी मोडते. यात दरवेळी मालाचा दोष असतोच असं नाही. जिलेटिनच्या कवचात १३ ते १६ टक्के पाणी लागतं आणि तेच त्याला लवचिक ठेवतं. पारा चाळिशीपार गेला, हवा कोरडी पडली की हे पाणी उडतं, आणि हातमशीनवर टोपी दाबताच कडा तडकते. एचपीएमसी, म्हणजे सेल्युलोजपासून बनवलेल्या पॉलिमरच्या कवचात, पाणी ३ ते ८ टक्केच असतं. ते आणखी घटलं तरी कवच वाकतं, फुटत नाही. चूर्णं भरणाऱ्या वैद्यांनी जास्तीचे पैसे मोजावेत ते एवढ्यासाठीच.

दुसरा फायदा आतल्या औषधाला. शिलाजीत, क्षार, कोरडे अर्क असे ओल ओढणारे पदार्थ जिलेटिनच्या कवचातलंच पाणी शोषतात. चूर्णाचा गोळा होतो आणि कवच ठिसूळ, दोन्हीकडून नुकसान. त्यावर कूलर लावून भरणी करणं हा इथला आवडता चुकीचा उपाय. कवच वाचतं, पण ओल्या हवेने चूर्ण चिकटतं.

भरणी : शून्य नंबर हा कॅप्सूलचा आकार. तिच्या बॉडीत, म्हणजे चूर्ण भरायच्या खालच्या भागात, ०.६८ मिली मावतं. ठोकून बसवलेल्या चूर्णाची घनता मिलीला ०.७ ग्रॅम असेल तर साधारण ४७५ मिग्रॅ. शंभर छिद्रांच्या मशीनवर चूर्ण दोन हप्त्यांत पसरा, मधे एकदाच टॅम्परने, म्हणजे चूर्ण दाबायच्या साच्याने, हलकं दाबा. पहिल्याच हप्त्यात जोर लावला तर कडेच्या ओळी हलक्या आणि मधल्या जड निघतात. मग २० कॅप्सूल वेगवेगळ्या तोलून रिकाम्या कवचाचं वजन वजा करा. ३०० मिग्रॅ किंवा त्याहून जास्त भरणीला भारतीय औषधकोशाची मर्यादा सरासरीच्या साडेसात टक्के वर-खाली अशी आहे. एचपीएमसीचा पृष्ठभाग जिलेटिनपेक्षा कमी चकचकीत, थोडा खरखरीत, त्यामुळे लोडरमधून, म्हणजे कवचं छिद्रांत उतरवणाऱ्या भागातून, ती अडखळत उतरतात. घाई करू नका.

माल खरा आहे का? हिरव्या ठिपक्यावर थांबू नका. माठातल्या गार पाण्यात एक कवच सोडा. जिलेटिन ३० अंशांखाली फुगतं, मऊ पडतं, विरघळत नाही. एचपीएमसी हळूहळू विरून जातं. दुसरी खूण : तुकडा जाळला तर जिलेटिनला जळक्या केसांचा वास येतो, एचपीएमसीला जळक्या कागदाचा. कॅप्सूल शाकाहारी आहे का, या जैन आणि लिंगायत रुग्णांच्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर यात मिळतं.

उणिवा आहेत. किंमत जिलेटिनपेक्षा बरीच जास्त. ऑक्सिजन या कवचातून जास्त आत जातो, म्हणून हवेने लवकर खराब होणाऱ्या औषधाला ते मुळीच नको. तिथे जिलेटिनच बरं. काही कवचांत जेल धरण्यासाठी कॅराजीनन हा समुद्री शेवाळातला डिंकासारखा पदार्थ असतो आणि पोटॅशियम त्याला आणखी घट्ट करतं. यवक्षार म्हणजे मुख्यतः पोटॅशियमचेच क्षार, तेव्हा त्याची भरणी करायची तर कॅराजीननविरहित कवच मागून घ्या, नाहीतर कॅप्सूल उशिरा उघडते. विक्रेत्याला घटकांची यादी देता येत नसेल तर दुकान बदला.

रुग्णाला सांगायचं एक राहतंच. अनुपान, म्हणजे औषधासोबत घ्यायचं पेय, कोमट पाणी चालेल, वाफाळता चहा नको. एचपीएमसी गार पाण्यात विरघळतं. साधारण ६० अंशांच्या पुढे उलट त्याचं जेल बनतं आणि कॅप्सूल घशाला चिकटू शकते.

साठवण १५ ते २५ अंशांत, बंद पिशवीत. पत्र्याच्या छपराखालची माळ्यावरची खोली एचपीएमसीलाही मानवत नाही.