गोचिडीची चघळायची गोळी: चकलीला भारी, मावशीच्या बीगलला महागात

आधीच सांगते, ब्रँडचं नाव लिहिणार नाहीये. जो घोळ झाला त्यात मोठी चूक माझी आहे, थोडी पेट शॉपवाल्याची, आणि गोळीची नेमकी किती ते डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. मग उगाच एका कंपनीचं नाव घेऊन कशाला बोंब मारायची.

तर आमची चकली, शेपटी वळलेली म्हणून चकली, साधी गावठी कुत्री, वजन १७ किलो. मागच्या पावसाळ्यात तिला टिक फिवर, म्हणजे गोचीड चावून होणारा ताप, झाला. जेवण बंद, ताप, हिरड्या पांढऱ्याफटक, प्लेटलेट्स खाली, मग डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा २८ दिवसांचा कोर्स. ते सगळं भोगल्यावर मी म्हटलं आता गोचीड दिसली की ओढून काढ, रॉकेलच्या वाटीत टाक, हे धंदे बस झाले. त्याआधी धुवायचं औषध वापरत होतो, अमिट्राझवालं, पाण्यात पातळ करून अंगाला चोळायचं आणि चाटू द्यायचं नाही. एकदा बाबांनी अंदाजाने जरा जास्त ओतलं तर ही बया अख्खा दिवस गुंगीत, हाक मारली तरी नुसतं डोळे उघडून बघायची. तेव्हापासून ती बाटली माळ्यावर.

डॉक्टरांनी चकलीला तपासून, वजन करून महिन्याची गोळी लिहून दिली. एक गोळी आठशेच्या आसपास, म्हणजे स्वस्त नाहीच, पण बाईसाहेबांनी बिस्किटासारखी मटकावली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या गोणपाटावर सात गोचिड्या पडलेल्या, मनुकेसारख्या सुकलेल्या, पाय आखडलेल्या. मला काय आनंद झाला सांगू! कानाच्या घडीत बोट घालून बघितलं, तिथेही काही नाही. चार महिने दिली, ना उलटी ना जुलाब ना खाज. गोचीड मारायच्या बाबतीत या गोळीला पैकीच्या पैकी.

एक मात्र समजून घ्या, या गोळ्यांनी गोचीड लांब पळत नाही, ती चावते, रक्त पिते आणि मग मरते. आणि आपल्याकडे कुत्र्यांवर जी तपकिरी गोचीड असते ती घरात सुखाने नांदते, एक मादी हजारांच्या हिशोबात अंडी घालते. आमच्याकडे स्विचबोर्डच्या मागे आणि पडद्याच्या दुमडीत सापडली. म्हणजे गोळी द्या आणि भिंतीच्या फटीही भरा, नाहीतर कुत्रा म्हणजे नुसता सापळा.

आता मूळ गोष्ट. गोळीवर मी इतकी खूश की भेटेल त्याला सांगत सुटले. सिंहगड रोडला मावशी राहते, तिच्याकडे बीगल जातीचा कुत्रा आहे, सहा वर्षांचा. तिने फोन केला, "अगं याच्या कानात चार दिसल्या, तू ती कुठली गोळी देतेस?" माझ्याकडे तीनच्या पाकिटातल्या दोन शिल्लक होत्या, दोघंही एकाच वजनगटात बसतात, दिली एक नेऊन. वर शहाणपणा, की आधी पेट शॉपवाल्याला फोन करून विचारलं, तो म्हणाला काही नाही हो ताई, बिनधास्त द्या, सगळे देतात. त्याने विचारलं नाही, मी विचारलं नाही, आणि मावशीला सांगायचं सुचलं नाही की या पठ्ठ्याला दीड वर्षाचा असताना दोनदा फिट आलेली, वर्षभर गोळ्या चालू होत्या, मग बंद केल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशीचा फोन, रडत. आधी मागचे पाय दारू प्यायल्यासारखे लटपटत होते, मग आडवा पडला आणि चारही पायांनी सायकल मारल्यासारखं करायला लागला, तोंडाला फेस, जागेवरच शू. मावसभावाने डोकं वापरून मोबाईलवर व्हिडिओ काढला म्हणून कळलं की दोन मिनिटं चाललं होतं, मावशीला विचाराल तर ती अर्धा तास म्हणेल. तोंडात हात घातला नाही हे नशीब. डॉक्टरांनी आधी व्हिडिओच बघितला. म्हणाले पाच मिनिटांच्या वर गेलं असतं तर जिवावर बेतलं असतं. गोळीमुळेच झालं का? "जुना फिटवाला कुत्रा आहे, शंभर टक्के सांगता येत नाही, पण मला विचारलं असतंत तर मी दिली नसती." हे ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

घरी येऊन पाकिटातला तो कागद उलगडला, मुंगीएवढ्या अक्षरातला. मोबाईलची टॉर्च लावून वाचला, तर स्पष्ट लिहिलंय, पूर्वी फिट आलेल्या कुत्र्यांना जपून द्या. चार महिने पाकिटं फोडली आणि एकदाही वाचला नव्हता.

मग रात्रभर वाचत बसले. या सगळ्या गोळ्या आयसोक्साझोलिन नावाच्या एकाच कुटुंबातल्या आहेत, अफॉक्सोलानर, फ्लुरालानर, सारोलानर, लोटिलानर, म्हणजे दुकानातली नावं नेक्सगार्ड, ब्राव्हेक्टो, सिम्पारिका, क्रेडेलिओ. गोचिडीच्या मज्जातंतूंना जो ब्रेक असतो तोच या औषधाने निकामी होतो, नसा सुसाट सुटतात आणि ती मरते. कुत्र्याच्या नसांवर त्याचा असर खूप कमी, म्हणून बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही. पण काहींना थरथर, तोल जाणं, फिट असं होऊ शकतं. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, हीच सूचना काढली होती, आणि त्यात हेही होतं की आधी कधी फिट न आलेल्यालाही येऊ शकते. बंदी नाही घातली, बहुतेक कुत्र्यामांजरांना सुरक्षितच म्हटलं, फक्त डॉक्टरांशी बोलून द्या.

गोचिडीचं औषध असलेली गळ्यातली कॉलर बरी का मग? सेरेस्टो नावाच्या अशा कॉलरने प्राण्यांना त्रास झाल्याच्या तक्रारींवरून २०२१ मध्ये अमेरिकेत गदारोळ झालाच होता, २०२३ मध्ये तिथल्या ईपीए या पर्यावरण संस्थेने ती विकायला परवानगी कायम ठेवली पण तक्रारींचा जास्त तपशील द्यायची अट घातली. फरक एवढाच की कॉलर काढून टाकता येते, ही गोळी एकदा पोटात गेली की महिनाभर अंगात राहणार, ब्राव्हेक्टोसारखी असेल तर जवळजवळ तीन महिने. मानेवर टाकायच्या थेंबांचंही नाव वाचून घ्या, त्यात परमेथ्रिन असेल आणि घरात मांजर असेल तर अजिबात नको, मांजराला ते विष आहे. कोली जातीच्या कुत्र्याला तर आयव्हरमेक्टिन या परजीवी मारायच्या औषधाचं इंजेक्शन डॉक्टरांशी नीट बोलल्याशिवाय देऊच नका.

मार्क: गोळी ५ पैकी ४, एक तो मुंगीएवढ्या अक्षरांसाठी कापला. पेट शॉप शून्य, "बिनधास्त द्या" हे औषधाच्या बाबतीत बोलायचं वाक्य नाही. माझे मार्क मावशीने दिलेत, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

बीगल आता बरा आहे, फिटच्या गोळ्या परत सुरू झाल्या. उरलेली गोळी ५ तारखेला चकलीला दिली, डॉक्टरांना विचारून, जेवणाबरोबर, आणि दोन दिवस तिच्यावर नजर ठेवून. मावशी मात्र आता बारीक दातांची फणी आणि चिमटा घेऊन बसते आणि दर रविवारी मला फोन करून हिशोब देते, "आज तीन निघाल्या गं, एक शेपटीखाली होती."