घर बोरिवलीत, ऑफिस साकीनाक्याला: गुंदवली बरं की डी. एन. नगर?

बोरिवलीत भाड्याचं घर बघताय आणि नोकरी मरोळ-साकीनाक्याकडे असेल, तर पूर्व घ्यावं की पश्चिम हे एजंटला विचारू नका. मेट्रो कुठे बदलावी लागणार, ते आधी बघा.

पूर्वेकडून मेट्रो ७ हायवेवरून गुंदवलीला येते. पूल ओलांडला की वर्सोवा-घाटकोपर मेट्रो १ चं वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्थानक. पश्चिमेकडून मेट्रो २अ लिंक रोडने अंधेरी पश्चिमला येते आणि पुलापलीकडे मेट्रो १ चंच डी. एन. नगर. दोन्ही मार्ग दहिसर पूर्वेला सुरू होतात, दोन्ही जानेवारी २०२३ मध्ये पुरते खुले झाले. मेट्रो १ चालवणारी कंपनी वेगळी, त्यामुळे कुठूनही गेलात तरी भाडं दोनदा भरायचं.

आता स्थानकं मोजू. बोरिवली पूर्वेच्या मागाठाण्याहून गुंदवली नववं, पुढे साकीनाका चौथं, म्हणजे तेरा. बोरिवली पश्चिमहून अंधेरी पश्चिम अकरावं, मग डी. एन. नगरहून साकीनाका सातवं, म्हणजे अठरा. पाच स्थानकांचा फरक रोज दोनदा. कागदावर पूर्व सरळसरळ जिंकते.

पण सकाळी नवाच्या सुमाराला वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या फलाटावर एकदा उभे राहून बघा. मेट्रो ७ ची गाडी सहा डब्यांची, मेट्रो १ ची चारच. त्यात घाटकोपरकडे जाणारी गाडी तुमच्यापर्यंत येते ती अंधेरीहून, पश्चिम रेल्वेची लोकल आत ओतून घेऊन. दार उघडतं ते समोर पाठींची भिंत दाखवायला. एक गाडी सोडावी लागली तर वाचवलेली मिनिटं तिथेच संपली.

डी. एन. नगर मात्र वर्सोव्यापासून दुसरंच स्थानक, अंधेरीच्या अलीकडे. बसायला मिळायची शक्यता बरीच, निदान कोपरा तरी पकडता येतो. अंधेरीला गर्दी घुसते तेव्हा तुम्ही आधीच स्थिरावलेले असता. लोकलला ज्या जागेसाठी लोक रिटर्न मारतात, म्हणजे आधी उलट दिशेने जाऊन बसून येतात, ती इथे आयती मिळते.

संध्याकाळी पारडं पूर्वेकडे झुकतं. साकीनाक्याहून चार स्थानकं उभं राहायचं आणि अंधेरीच्या आधी सुटायचं. पश्चिमवाल्याला अंधेरीला गाडी रिकामी होईपर्यंत चेंगरून घ्यावं लागतं. पुढे दोघांनाही गाडी सुरुवातीच्या स्थानकावरूनच मिळते, म्हणजे जागा मिळते. ही चैन कायमची मात्र नाही. मेट्रो ७अ गुंदवलीहून विमानतळाकडे आणि २ब डी. एन. नगरहून मंडाळ्यापर्यंत, अशी दोन्हीकडची आखणी आहे. त्या जोडल्या गेल्या की गाड्या आधीच भरून येतील.

लोकलचा विचार असेल तर एक गोष्ट: मागाठाणे काय किंवा बोरिवली पश्चिमचं मेट्रो स्थानक काय, रेल्वे स्टेशनाला चिकटलेलं एकही नाही. दोन्हीकडे रिक्षा किंवा बेस्ट धरा. नावं बघून फसू नका. मेट्रो ७ चं ‘आरे’ हायवेवर आहे. मेट्रो ३ चं ‘आरे जेव्हीएलआर’ वेगळं, चालत जाण्यासारखं मुळीच नाही. बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, जायचं असेल तर मेट्रो १ ने मरोळ नाका गाठून तिथे मेट्रो ३ पकडणं सोपं.

माझं मत विचाराल तर ऑफिसची वेळ थोडी पुढेमागे चालत असेल आणि उभं राहायची सवय असेल, तर पूर्व. मागाठाण्याच्या आसपास घर बघा, अगदी हायवेला लागून नको, आवाजाने जीव जाईल. गुडघे दुखत असतील, पोटात बाळ असेल किंवा लॅपटॉपची जड बॅग रोज पाठीवर असेल, तर पाच स्थानकं जास्त मोजून पश्चिम घ्या. घर ठरवायच्या आधी एखाद्या मंगळवारी सकाळी दोन्ही बाजूंनी एकदा जाऊन या. रविवारी जाऊ नका, रविवारी दोन्ही मार्ग छानच वाटतात.