गच्चीवरच्या कुंड्यांसाठी मिरचीचे बियाणे : दोन वर्षांत लावून पाहिलेल्या जातींविषयी

पुण्यातील आमच्या गच्चीवर मिरचीसाठी बारा कुंड्यांची जागा आहे आणि गेल्या दोन वर्षांत तेथे मी वेगवेगळ्या जातींचे बियाणे लावून पाहिले. पहिल्या वर्षी पाकिटावरील छायाचित्रे पाहून निवड केली. दुसऱ्या वर्षी मात्र आधी महिनाभर घरात कोणती मिरची किती लागते याची नोंद ठेवली आणि मगच बियाणे घेतले. चार माणसांच्या आमच्या घरात आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम हिरवी मिरची लागते, लाल मिरची वर्षातून एकदा मसाल्यासाठी घेतली जाते आणि ढोबळी मिरचीची भाजी थंडीत वरचेवर होते. या नोंदीमुळे जातींची निवड जवळजवळ आपोआप झाली, म्हणून पुढील अभिप्रायही त्याच कसोटीवर दिला आहे.

सर्वांत समाधान दिले ते पुसा ज्वालाने. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ही जुनी जात असून तिची मिरची लांब, बारीक, फिकट हिरवी आणि किंचित वाकडी, सुरकुतलेली असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकलेले बी आठ-नऊ दिवसांत उगवले, जुलैच्या मध्यावर रोपे बारा इंची कुंड्यांत हलवली आणि सप्टेंबरच्या अखेरीस पहिला तोडा मिळाला. तिखटपणा मध्यम असल्यामुळे फोडणीला, कोशिंबिरीला आणि पोह्यांना एकच मिरची चालते. ठेच्यासाठी मात्र ती थोडी कमी पडते आणि साल पातळ असल्याने भरून तळण्यासही ती योग्य नाही. मिरच्या हिरव्या असतानाच नियमित तोडत राहिल्यास झाड नव्याने फुलत राहते, हे सांगण्याचे कारण असे की पहिल्या वर्षी काही झाडांवरील मिरच्या मी लाल होण्यासाठी ठेवल्या आणि त्या झाडांचा पुढचा बहर स्पष्टपणे कमी झाला. आठवड्यातून एकदा तोडणी केलेल्या चार झाडांनी सप्टेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत घराची गरज जवळपास पूर्ण भागवली.

याच संस्थेची पुसा सदाबहार ही ज्यांच्याकडे एक-दोनच कुंड्या आहेत त्यांच्यासाठी मी अधिक आग्रहाने सुचवीन. तिच्या मिरच्या आखूड, आकाशाकडे तोंड केलेल्या आणि घोसात येणाऱ्या असतात, आणि तिखटपणात ज्वाला तिच्या जवळपासही येत नाही. नावाप्रमाणे हे झाड एका हंगामात संपत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला फांद्या एक तृतीयांश छाटून वरची माती बदलली आणि दोन मुठी गांडूळखत दिले, तेव्हा आमच्या दोन्ही झाडांना दुसऱ्या वर्षीही चांगला बहर आला. ठेचा करायचा असेल तर हीच मिरची हवी. लहान मुलांच्या जेवणात ती चिरून घालणे मात्र टाळावे. अख्खी मिरची फोडणीत टाकून नंतर काढून घेणे बरे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची फुले ज्योती हीदेखील घोसाने लागणारी जात असून तिचे झाड आमच्याकडे चांगले पसरले, पण त्यामुळेच दोन कुंड्यांमध्ये जास्त अंतर ठेवावे लागले. जमिनीत लावण्याची सोय असणाऱ्यांना ती अधिक उपयोगी पडेल.

ब्याडगीविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण घरच्या मसाल्यासाठी घरचीच ब्याडगी असावी अशी इच्छा अनेकांच्या मनात असते आणि माझ्याही मनात होती. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मिरचीला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिची ख्याती तिखटपणासाठी नसून गडद लाल रंगासाठी आहे आणि तो रंग मिरची झाडावरच पूर्ण पिकून सुरकुतल्यावर भरतो. म्हणजे कुंडी पावसाळ्यापासून थेट जानेवारीपर्यंत अडकून राहते आणि तोपर्यंत हिरव्या मिरचीचा उपयोग होत नाही. आमच्या पाच झाडांची सगळी वाळलेली मिरची देठांसह तोलली तेव्हा ती पावशेरही भरली नाही, आणि वर्षाच्या मसाल्याला आम्हाला दीड किलो लागते. रंग उत्तम होता, चव अस्सल होती. परंतु कुंड्यांच्या हिशेबात ही जात बसत नाही, आणि वाळलेली ब्याडगी बाजारात चांगली मिळत असताना कुंड्या तिच्यासाठी अडवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. हीच अडचण मसाल्यासाठी वाळवायच्या इतर जातींनाही लागू होईल.

ढोबळी मिरचीची कॅलिफोर्निया वंडर ही अमेरिकेतील जुनी सरळ, म्हणजे संकरित नसलेली, जात मी दोनदा लावली. जूनमध्ये लावलेल्या रोपांची फुले पावसात गळाली. ऑगस्टमध्ये बी टाकून सप्टेंबरच्या मध्यावर कुंडीत लावलेल्या रोपांना मात्र नोव्हेंबरअखेरपासून प्रत्येकी सहा-सात जाड सालीची, वजनदार फळे मिळाली. मार्चमध्ये ऊन वाढू लागताच फूलगळ पुन्हा सुरू झाली, त्यामुळे पुण्यात ही थंडीपुरतीच जात मानावी. शेजारच्या कुंडीत तिखट मिरची असल्यामुळे ढोबळी तिखट होते असा समज आहे. तो त्याच हंगामातील फळांच्या बाबतीत खरा नाही. परागकण मिसळल्याचा परिणाम त्या फळातील बियांतून येणाऱ्या पुढच्या पिढीत दिसतो, म्हणून बी धरायचे असेल तरच अंतराची किंवा फुले झाकण्याची काळजी घ्यावी लागते.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडून भूत जोलोकियाचे म्हणून मागवलेले बियाणे सरळसरळ फसवणुकीचे निघाले. ही ईशान्य भारतातील मिरची 2007 मध्ये जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात नोंदली गेली. तिचे बी उगवायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात, एकेका पेऱ्यावर बहुधा दोन किंवा अधिक फुले येतात आणि फळाची साल खडबडीत असते. आमच्याकडे उगवलेली रोपे आठ दिवसांतच वर आली, पेऱ्यावर एकेकच फूल लागले आणि मिरची गुळगुळीत, साध्या हिरव्या मिरचीसारखी निघाली. पाकिटावर लॉट क्रमांक नव्हता आणि उगवण चाचणीची तारीखही नव्हती. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. या अनुभवानंतर लेबलवर लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, मुदत आणि उगवणशक्ती यांपैकी एखादी गोष्ट नसली तरी मी पाकीट घेत नाही. मिरचीच्या प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ती किमान 60 टक्के असावी लागते आणि त्याची मुदत चाचणीपासून नऊ महिने धरली जाते.

घरगुती लागवड करणाऱ्यांची खरी अडचण पाकिटाच्या आकाराची आहे. शेतकऱ्यांसाठी असलेल्या दहा ग्रॅमच्या पाकिटात दीड हजारांच्या आसपास बिया असतात आणि आपल्याला वीस पुरतात. त्यामुळे ओळखीच्या तीन-चार घरांनी मिळून एक पाकीट घेणे आणि शक्यतो सरळ वाण निवडणे मला सोयीचे वाटते. संकरित वाणाचे उत्पादन अधिक असते, पण त्याच्या मिरचीतून धरलेले बी तसेच उतरत नाही, तर ज्वालाचे बी आम्ही मागच्या वर्षी घरीच धरले. एका फांदीवर कळ्या असतानाच मलमलीची पिशवी बांधली, ती रोज सकाळी हलकेच हलवली आणि त्या फांदीवरील लाल झालेल्या मिरच्यांचेच बी सावलीत वाळवले. बियाण्याला बुरशीनाशक लावलेले असेल तर पेरताना हातमोजे घालावेत आणि उरलेले बी स्वयंपाकघरात ठेवू नये.

सर्व जातींना कमी-अधिक प्रमाणात चुरडा-मुरडा, म्हणजे पाने वळून आकसण्याचा विकार, झाला. पाने वरच्या बाजूला वळली तर बहुधा फुलकिडे आणि खालच्या बाजूला वळली तर कोळी ही सूक्ष्म कीड, एवढे ओळखता आले तरी उपाय वेळेवर होतो. दर दहा दिवसांनी पाच टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूने फवारणे आणि पूर्ण आकसलेले झाड मोह न धरता उपटून टाकणे, एवढेच मी केले. पुसा सदाबहार यातून सर्वांत लवकर सावरली, तर ढोबळीची दोन झाडे काढावी लागली.

यंदा बारापैकी पाच कुंड्यांत घरच्या बियांची ज्वाला आहे, तीन कुंड्यांत पुसा सदाबहार आहे, आणि उरलेल्या चार कुंड्या ऑगस्टमध्ये पेरायच्या ढोबळीसाठी शेणखत घालून तयार ठेवल्या आहेत.